स्पीकरला आवर कोण घालतो?

घरात एखादा सुटा, जुना वूफर पडून असेल तर आधी हा प्रयोग करून बघा. वूफर टेबलावर उताणा ठेवा. मागच्या दोन पत्र्यांना काहीही जोडू नका आणि कागदी शंकूवर बोटाने हलकी टिचकी मारा. थोडा लांबणारा, घुमणारा 'धुम्म' ऐकू येईल. आता तारेच्या तुकड्याने त्या दोन पत्र्या एकमेकींना जोडा आणि पुन्हा तशीच टिचकी मारा. या वेळी आवाज 'ठक' असा येतो आणि जागच्या जागी थांबतो. चुंबक मोठा असेल तर फरक इतका स्पष्ट असतो की पाठ करून बसलेल्या माणसालाही तो सांगता येतो.

शंकूला चिकटलेली तांब्याची गुंडाळी चुंबकाच्या फटीत हलली की ती सायकलच्या डायनॅमोसारखी वीज तयार करते. टोकं उघडी असली तर करंट वाहायला वाट नसते आणि शंकू आपल्या मर्जीने हिंदकळत राहतो. टोकं जुळलेली असली तर करंट वाहतो, आणि ज्या हालचालीतून तो जन्मला तिलाच तो अडवतो. स्पीकर अँप्लिफायरला जोडला की त्या तारेच्या तुकड्याची जागा अँप्लिफायर घेतो. तबल्याची थाप संपली, संकेत थांबला, तरी शंकू स्वतःच्या वजनामुळे पुढे जाऊ बघतो. त्या क्षणी अँप्लिफायरची टोकं त्याला जोडलेल्या तारेसारखी वाटतात की उघडी, यावर ती थाप थापेसारखी ऐकू येणार की घुमणार हे ठरतं. अँप्लिफायरच्या या गुणाचं नाव आउटपुट इम्पिडन्स.

ट्रान्झिस्टरच्या अँप्लिफायरमध्ये तो सहसा इतका कमी असतो की ऐकणाऱ्याला त्याचा विचारच करावा लागत नाही. व्हॉल्व्हच्या, म्हणजे जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या तापणाऱ्या नळ्यांच्या, अँप्लिफायरमध्ये मात्र अर्धी रचना याच एका आकड्याभोवती फिरते. तो खाली आणण्याचं मुख्य साधन म्हणजे फीडबॅक, आउटपुटचा थोडा अंश मागे इनपुटकडे परत देणं. 'फीडबॅक वाईट, त्याने संगीताचा जीव जातो' असं म्हणणारे आणि 'फीडबॅकशिवाय अँप्लिफायर अपुरा' असं म्हणणारे, दोन्ही पक्ष मला भेटले आहेत. मला दोघांनाही एकच विचारावंसं वाटतं: कुठला फीडबॅक? कुठून घेतलेला, कुठे परत दिलेला, आणि वाटेत काय काय ओलांडून आलेला? या तीन गोष्टी कळल्याशिवाय त्याच्याबद्दल बरं किंवा वाईट काहीच बोलता येत नाही.

आधी इम्पिडन्स नीट समजून घेऊ. गावाकडची वीज आठवा. डीपीजवळच्या घरात पाण्याची मोटर सुरू झाली तर दिव्याला काही होत नाही. तीच मोटर लाइनच्या शेवटच्या मळ्यात सुरू झाली की बल्ब पिवळा पडतो. डीपी तीच, निघतानाचं व्होल्टेजही तेच. पण मधल्या लांब तारांचा रोध आपला वाटा खातो, आणि मोटर जितका जास्त करंट ओढते तितका तो वाटा मोठा होतो. अँप्लिफायरच्या पोटातही अशी एक न दिसणारी लांब तार असते. तिचा रोध म्हणजे आउटपुट इम्पिडन्स. प्रत्यक्षात तार नसते. व्हॉल्व्हचा स्वभाव आणि ट्रान्सफॉर्मरचं तांबं मिळून तसा परिणाम होतो.

स्पीकरचा भार सगळ्या स्वरांना सारखा असता तर यात फारसं बिघडलं नसतं; आवाज सगळीकडे सारखाच थोडा कमी झाला असता. पण मागे '८ ओहम' लिहिलेला स्पीकर फार थोड्या स्वरांना खरोखर ८ ओहमचा असतो. साध्या मल्टिमीटरने त्याचा रोध मोजला तर ६ ओहमच्या आसपास येतो. खालच्या पट्टीत, जिथे शंकूचं स्वतःचं आंदोलन असतं तिथे, तो ३० ओहमवर सहज चढतो. वरच्या स्वरांकडे गुंडाळीच्या इंडक्टन्समुळे पुन्हा वाढत जातो. म्हणजे शेवटच्या मळ्यातली ही मोटर सतत कमीजास्त करंट ओढत असते आणि बल्ब सतत फिका-तेज होत असतो. फक्त इथे बल्बच्या जागी सूर आहेत.

हिशोब सोपा आहे. अँप्लिफायरचा आउटपुट इम्पिडन्स २ ओहम धरा. स्पीकर ६ ओहमचा असतो त्या स्वराला आठातले सहा भाग, म्हणजे ७५ टक्के व्होल्टेज मिळतं. तो ३० ओहमचा असतो त्या स्वराला बत्तिसातले तीस, म्हणजे जवळजवळ ९४ टक्के. दोन स्वरांत सुमारे २ डेसिबलचा फरक पडला. हा फरक कानाला कळतो. बेस जरा भरीव, जरा सैल वाटतो. इम्पिडन्स ०.२ ओहम असेल तर हाच फरक पाव डेसिबलहूनही कमी उरतो.

आता व्हॉल्व्हच्या आत डोकावू. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात आणि दोनअडीचशे व्होल्टवर ठेवलेली प्लेट त्यांना ओढून घेते. वाटेत तारेची जाळी असते, ती ग्रिड. ग्रिडवरचं व्होल्टेज किंचित हललं तरी करंट बराच बदलतो, आणि यातूनच आवाज मोठा होतो. फक्त हे तीनच भाग असले तर तो ट्रायोड.

ट्रायोडमध्ये एक सुंदर गोष्ट आपोआप घडते. ग्रिडची जाळी विरळ असल्यामुळे कॅथोडजवळच्या इलेक्ट्रॉनांना तिच्या फटींतून पलीकडची प्लेटही 'दिसते'. ग्रिडने करंट वाढवला की भारामुळे प्लेटचं व्होल्टेज खाली येतं. प्लेटची ओढ कमी झाली म्हणून करंटची वाढही थोडी आवरली जाते. नीट पाहिलं तर हा फीडबॅकच आहे. बाहेर एकही रेझिस्टर नाही, पण आउटपुटची खबर काचेच्या आतून, विद्युत क्षेत्राच्या रूपाने, उगमापर्यंत परत पोचते. 'माझ्या ट्रायोडच्या अँप्लिफायरमध्ये फीडबॅक अजिबात नाही' असं कोणी प्रेमाने सांगतं तेव्हा त्याला मी हे जरूर सांगतो. त्याच्या अँप्लिफायरचा गोडवा खरा आहे, आणि त्यात या आतल्या फीडबॅकचा वाटा मोठा आहे.

१९२६ साली फिलिप्स कंपनीत बर्नार्ड टेलेगन यांनी पेंटोड शोधला. त्यात ग्रिड आणि प्लेट यांच्यामध्ये स्थिर व्होल्टेजवर ठेवलेली स्क्रीन ग्रिड असते आणि तिच्यापुढे आणखी एक जाळी. स्क्रीनने मध्येच पडदा टाकल्यामुळे प्लेटवर काय चाललंय हे कॅथोडला कळेनासं होतं. प्लेटचं व्होल्टेज कितीही खालीवर होवो, ग्रिडने सांगितला तेवढा करंट वाहत राहतो. ताकद आणि कार्यक्षमता वाढली, पण आतला फीडबॅक गेला.

याची किंमत आकड्यांत बघू. ३००बी हा नावाजलेला ट्रायोड घ्या. त्याचा आतला रोध ७०० ओहमच्या आसपास. त्याला ३,५०० ओहमचा भार लागतो आणि स्पीकर तर ८ ओहमचा, म्हणून मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसवतात. ट्रान्सफॉर्मर रोधाला त्याच प्रमाणात खाली आणतो: ३,५०० भागिले ८ म्हणजे सुमारे ४३७. तेव्हा स्पीकरच्या बाजूने पाहिलं तर व्हॉल्व्हचे ७०० ओहम फक्त १.६ दिसतात.

आता ईएल८४ हा पेंटोड घ्या. जुन्या मोठ्या रेडिओंमध्ये आणि रेकॉर्ड प्लेयरमध्ये तो भरपूर वापरला गेला. त्याचा आतला रोध ३८,००० ओहमच्या घरात आणि भार ५,२०० ओहम. प्रमाण ६५०. भागून बघा: ५८ ओहम! ८ ओहमच्या स्पीकरला ५८ ओहमचा आवर म्हणजे पत्र्या जवळजवळ उघड्याच ठेवल्यासारखं झालं. मघाचाच हिशोब केला तर ६ आणि ३० ओहमच्या स्वरांत ११ डेसिबलचा फरक येतो. असा अँप्लिफायर सूर लावत नाही, स्पीकरच्या आंदोलनाचा सूर आळवत बसतो. पेंटोड आला की फीडबॅक ही चैन उरत नाही, गरज होते.

हा फीडबॅक शोधला हॅरॉल्ड ब्लॅक यांनी. ते अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये लांब पल्ल्याच्या टेलिफोन लाइनींवर काम करत होते. एकामागोमाग असंख्य अँप्लिफायर लावले की प्रत्येकाची थोडीथोडी विकृती साठत जाऊन शेवटी बोलणं कळेनासं व्हायचं. २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी हडसन नदीवरच्या लॅकावाना फेरीबोटीने कामावर जाताना त्यांना उत्तर सुचलं आणि हातातल्या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पानावरच त्यांनी ते मांडलं. आउटपुटचा छोटा, नेमका अंश उलटा करून इनपुटला परत द्यायचा. जे बाहेर पडलं ते जे आत दिलं त्याच्याशी ताडून बघायचं आणि फक्त फरक पुढे पाठवायचा. यात बरीचशी प्रवर्धनशक्ती, म्हणजे संकेत मोठा करण्याची ताकद, हातची जाते, म्हणून त्या काळी अनेकांना ही कल्पना विचित्र वाटली. १९२८ सालचा पेटंट अर्ज मंजूर व्हायला १९३७ उजाडलं.

गवई तानपुऱ्याशी आपला स्वर सतत ताडत असतो. कान जे ऐकतो त्यावरून गळा सावरतो. फीडबॅक हेच करतो, सेकंदाच्या फार छोट्या अंशात. इथे एक गैरसमज दूर करतो. मांडवात माइक स्पीकरसमोर आला की शिट्टी वाजते, तिलाही आपण 'फीडबॅक आला' म्हणतो. तो उलटा प्रकार: तिथे परत आलेला अंश मूळ संकेतात भर घालतो. अँप्लिफायरच्या आतला फीडबॅक वजाबाकी करतो. पण वजाबाकीची बेरीज कधी होईल याचा भरवसा नसतो. त्याकडे पुढे येतोच.

आउटपुट इम्पिडन्सवर याचा परिणाम कसा होतो? स्पीकरने जास्त करंट ओढला आणि टोकांवरचं व्होल्टेज घसरू लागलं की ताडणीत लगेच फरक दिसतो, अँप्लिफायर जोर वाढवतो आणि व्होल्टेज पुन्हा जागेवर आणतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, ती न दिसणारी लांब तार आखूड झाली. ढोबळ नियम असा की फीडबॅकमुळे प्रवर्धन जितक्या पटीने कमी झालं, इम्पिडन्सही तितक्याच पटीने कमी होतो. २० डेसिबल म्हणजे दहा पट.

मग ईएल८४ चे ५८ ओहम २० डेसिबलने ५.८ होणार का? अनेक जण इथेच फसतात. मीही बराच काळ असंच मानत होतो. खरं उत्तर खूप चांगलं आहे. तो २० डेसिबलचा आकडा ८ ओहमचा भार जोडलेला असतानाचा आहे. तेव्हा लूपमध्ये, म्हणजे संकेत पुढे जाऊन फीडबॅकच्या वाटेने परत येतो त्या पूर्ण फेऱ्यात, ९ पट प्रवर्धन असतं, आणि एक मिळवून दहा. पण इम्पिडन्स ठरताना भार काढलेला असतानाचं प्रवर्धन मोजावं लागतं. पेंटोडचा भार काढला तर व्होल्टेज उसळी मारतं: ५८ अधिक ८ असे ६६ भागिले ८, म्हणजे सव्वाआठ पट. लूपचे ९ मग ७४ होतात. ५८ ला ७५ ने भागा. उत्तर ०.७७ ओहम. पेंटोडची जी खोड होती, तीच फीडबॅकच्या हाती जास्तीचं बळ देते. ३००बी ला एवढाच फीडबॅक दिला तर त्याचे १.६ ओहम ०.१४ पर्यंत उतरतात, पण तिथे ही उसळी जेमतेम वीस टक्क्यांची असते.

याची किंमतही बघू. ईसीसी८३ या जोड-ट्रायोडच्या एका भागापुढे एक ईएल८४ लावला तर स्पीकरपर्यंतचं एकूण प्रवर्धन साधारण १२० पट मिळतं. साडेपाच वॅटसाठी ८ ओहमवर ६.६ व्होल्ट लागतात, म्हणजे इनपुटला ५५ मिलिव्होल्ट पुरतात. २० डेसिबल फीडबॅक दिला की साडेपाचशे मिलिव्होल्ट लागतील. आजचे बहुतेक प्लेयर याहून जास्त देतात, तेव्हा ही किंमत आपल्याला परवडते. जी सहज परवडत नाही ती गोष्ट वेगळी आहे. ती ट्रान्सफॉर्मरमध्ये दडलेली असते.

१९४७ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत इंग्लंडच्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी आपला अँप्लिफायर मांडला. ट्रायोडसारखे जोडलेले दोन केटी६६ व्हॉल्व्ह, १५ वॅट, आणि ट्रान्सफॉर्मरसकट चार टप्प्यांना कवेत घेणारा २० डेसिबल फीडबॅक. विकृती ०.१ टक्का. घरी अँप्लिफायर बनवणाऱ्यांनी जगभर त्याच्या नकला केल्या. पण विल्यमसन यांनी सर्किटइतकाच भर ट्रान्सफॉर्मरवर दिला होता आणि तोच भाग लोक गाळायचे. स्वस्त ट्रान्सफॉर्मर लावून बनवलेले अनेक विल्यमसन अँप्लिफायर फटफट करत डुलायचे किंवा कानाला न ऐकू येणारी शिट्टी मारत बसायचे.

कारण असं. परत येणाऱ्या खबरीला वाटेत उशीर होतो. दोन टप्प्यांना जोडणारा प्रत्येक कपलिंग कपॅसिटर खालच्या स्वरांच्या टोकाला थोडा फेज फिरवतो, म्हणजे लहर वेळेत मागेपुढे सरकवतो. ट्रान्सफॉर्मर दोन्ही टोकांना फिरवतो: खाली इंडक्टन्स अपुरा पडतो म्हणून, आणि वर प्राथमिक (व्हॉल्व्हकडची) व दुय्यम (स्पीकरकडची) गुंडाळ्या एकमेकींशी पूर्ण बांधलेल्या नसतात म्हणून. ही फिरकी १८० अंशांवर पोचली की वजाबाकीची बेरीज होते. तोवर लूपचं प्रवर्धन एकाच्या खाली उतरलेलं नसेल, तर अँप्लिफायर स्वतःच गाऊ लागतो. मोठ्या मैदानात गवयाला स्वतःचा आवाज अर्ध्या सेकंदाने उशिरा ऐकू आला तर तो सावरण्याऐवजी आणखी ढळतो, तसंच हे.

माझा पहिला ईएल८४ चा अँप्लिफायर जुन्या रेडिओतून काढलेल्या ट्रान्सफॉर्मरवर बांधला होता. फीडबॅकची तार जोडून स्विच दाबला, व्हॉल्व्ह तापले आणि भयंकर किंचाळी आली. दुय्यम गुंडाळीची दोन टोकं उलटी जोडली गेली होती; अदलाबदल करताच शांतता. गाणंही छान लागलं. तरी ट्वीटर, म्हणजे वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर, कोमट लागत होता. मल्टिमीटर एसीवर ठेवला तर गाणं बंद असतानाही स्पीकरच्या टोकांवर व्होल्टेज दिसत होतं. मित्राच्या ऑसिलोस्कोपवर कारण कळलं: ऐकू येण्याच्या मर्यादेच्या कितीतरी वर, सत्तर किलोहर्ट्झच्या आसपास, अखंड आंदोलन चालू होतं. त्या छोट्या ट्रान्सफॉर्मरला २० डेसिबल पेलत नव्हतं. फीडबॅकच्या रेझिस्टरला समांतर एक लहान कपॅसिटर लावला आणि फीडबॅक १२ डेसिबलवर आणला, तेव्हा आंदोलन थांबलं.

मग आउटपुट इम्पिडन्स मोजला. हे मोजमाप कोणालाही जमेल. मोबाइलवरून ४०० हर्ट्झचा सूर लावा. साधा मल्टिमीटर इतक्या फ्रीक्वेन्सीला बऱ्यापैकी खरं बोलतो. आवाज अगदी कमी ठेवून स्पीकरची टोकं उघडी असताना १ व्होल्ट येईल असं करा. मग ८ ओहमचा जाड रेझिस्टर लावून पुन्हा वाचा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा, एक वजा करा, ८ ने गुणा. मला ०.७८ व्होल्ट दिसले, म्हणजे सव्वादोन ओहम. कागदावरचा हिशोबही तेवढाच होता आणि त्या रात्री मला त्याचा फार आनंद झाला. मात्र मोठ्या आवाजात टोकं कधीही उघडी ठेवू नका. पेंटोडच्या प्लेटवर इतकं व्होल्टेज उसळतं की ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन जळू शकतं. आणि चेसिस उघडी असताना लक्षात असू द्या की आत तीनशे व्होल्ट आहेत, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर ते धरून ठेवतात. रेझिस्टरमधून ते उतरवल्याशिवाय, आणि मीटरने खात्री केल्याशिवाय, हात घालायचा नाही.

सव्वादोन ओहमवर मला थांबायचं नव्हतं. ट्रान्सफॉर्मर तर बदलायचा नव्हता. मग खबर ट्रान्सफॉर्मर ओलांडून आणायचीच कशाला? ती अलीकडूनच, व्हॉल्व्हच्या प्लेटवरून घेता येते. आरसीए कंपनीच्या ऑटो शेड यांनी १९३८ साली बीम पॉवर व्हॉल्व्हवर लिहिताना प्लेटपासून ग्रिडकडे फीडबॅक द्यायची पद्धत समजावली होती. ईएल८४ ची प्लेट आणि आधीच्या ईसीसी८३ ची प्लेट यांच्यामध्ये ४७० किलोओहमचा एकच रेझिस्टर जोडला की काम होतं. पडद्याने अडवलेली प्लेटची खबर आपण काचेच्या बाहेरून वळसा घालून ग्रिडपर्यंत पोचवतो आणि पेंटोड ट्रायोडसारखा वागू लागतो. या वळशात ट्रान्सफॉर्मर नाही, त्यामुळे फेजची भीती फार कमी. यातूनच मला जवळजवळ १४ डेसिबल मिळाले. बाहेरच्या मोठ्या लूपला फक्त ६ डेसिबल ठेवले. तेवढे त्या ट्रान्सफॉर्मरने कुरकुर न करता पेलले. पुन्हा मोजलं तर १ व्होल्टचे ०.८७ झाले, म्हणजे १.२ ओहम. एकूण फीडबॅक तोच २० डेसिबल, पण दोन ठिकाणी वाटून दिलेला.

हाच विचार इतरांनी आपापल्या रीतीने केला. अमेरिकेत हाफ्लर आणि केरोस यांनी १९५१ साली स्क्रीन ग्रिडला ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक गुंडाळीतल्या मधल्या टोकावर जोडून पडदा अर्धवट उघडला. त्याला अल्ट्रालिनिअर म्हणतात. ब्रिटनच्या अ‍ॅलन ब्लमलाइन यांच्या १९३७ च्या पेटंटमध्ये ही कल्पना आधीच होती. इंग्लंडच्या पीटर वॉकर यांनी १९५३ च्या क्वाड २ अँप्लिफायरमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीचा एक भाग आउटपुट व्हॉल्व्हच्या कॅथोडकडे दिला. मला ही जोडणी सगळ्यांत देखणी वाटते, कारण तिच्यात कमीत कमी सुटे भाग लागतात आणि सगळं शहाणपण गुंडाळणाऱ्याच्या हातात असतं.

सगळे फीडबॅक इम्पिडन्स कमी करत नाहीत, ही गोष्ट मात्र नवख्यांना हमखास चकवते. आउटपुट व्हॉल्व्हच्या कॅथोडखालच्या रेझिस्टरला समांतर मोठा कपॅसिटर असतो. तो काढून टाकला तर विकृती घटते, आवाज थोडा कमी होतो, आणि 'फुकटात फीडबॅक मिळाला' असं वाटतं. तो फीडबॅक आहे हे खरं. पण तो व्होल्टेजची नव्हे, करंटची खबर घेतो. स्पीकर काहीही म्हणो, करंट तेवढाच वाहिला पाहिजे असा त्याचा आग्रह. परिणामी इम्पिडन्स उलट वाढतो. ईएल८४ ट्रायोडसारखा जोडला तर त्याचा आतला रोध १,७०० ओहमच्या आसपास असतो. १३० ओहमचा कॅथोड रेझिस्टर असा उघडा ठेवला तर त्यात त्याची वीस पट, म्हणजे २,६०० ओहमची भर पडते. आवर सैल झाला आणि कारण शोधत बसावं लागलं. १९५० च्या दशकातल्या काही अमेरिकन अँप्लिफायरवर डॅम्पिंगचं, म्हणजे या आवराचं, बटण असायचं. त्यात व्होल्टेज आणि करंट अशा दोन्ही खबरी कमीजास्त मिसळायची सोय होती आणि ऐकणारा आपल्या स्पीकरप्रमाणे आवर घट्ट-सैल करू शकत असे.

फीडबॅकविरुद्धच्या तक्रारींत एक तक्रार खरी आहे आणि ती मला महत्त्वाची वाटते. ट्रायोड स्वतःहून मुख्यतः दुसरा हार्मोनिक घालतो, जो मूळ स्वराचाच वरचा सप्तक असतो. कान तो सहज माफ करतो. त्याला अगदी थोडा फीडबॅक दिला तर दुसरा हार्मोनिक घटतो, पण परत आलेली विकृती पुन्हा त्याच वाकड्या वाटेने जाते आणि आधी जवळजवळ नसलेले तिसरे, चौथे, पाचवे हार्मोनिक जन्माला येतात. पीटर बॅक्संडॉल यांनी १९७८ साली हे मोजून दाखवलं. फीडबॅक पुरेसा वाढवला की तेही खाली जातात. चार-सहा डेसिबलचा 'थोडासा, चवीपुरता' फीडबॅक लावून निराश झालेल्यांचं ऐकणं खोटं नसतं. त्यांचा अनुभव त्या मात्रेपुरता असतो. म्हणूनच बाहेरचे ६ डेसिबल लावण्याआधी आउटपुटचा टप्पा त्याच्या जागीच सरळ करून घेणं मला आवश्यक वाटतं.

इम्पिडन्स किती खाली आणायचा, हा शेवटचा प्रश्न. जाहिरातीत डॅम्पिंग फॅक्टर २०० वगैरे लिहिलेलं असतं, म्हणजे ८ ला इम्पिडन्सने भागलेला आकडा. पण टिचकीच्या प्रयोगात करंट ज्या वाटेने वाहतो, त्या वाटेत स्पीकरच्या गुंडाळीचे स्वतःचे ६ ओहमही असतात आणि ते कोणताच अँप्लिफायर काढू शकत नाही. इम्पिडन्स २ ओहम असेल तर वाटेचा रोध ६ चा ८ होतो, आवर पाव हिश्शाने सैल पडतो, आणि ते ऐकू येतं. ०.५ असेल तर आठ टक्क्यांचा फरक. ०.१ वर आणलात तर दोन टक्क्यांहून कमी. अर्ध्या ओहमच्या खाली उतरायची धडपड मी करत नाही. तेवढा फीडबॅक न देता मी आंदोलन टाळतो.

शिवाय फीडबॅक जिथून खबर घेतो तिथपर्यंतच सावरतो. खबर दुय्यम गुंडाळीच्या टोकावरून घेतली असेल तर गुंडाळीचं तांबं लूपच्या आत येतं, पण तिथून पुढची स्पीकरची वायर बाहेर राहते. हॉलच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या स्पीकरपर्यंत १० मीटर वायर टाकली तर जाऊन-येऊन २० मीटर होतात. अर्धा स्क्वेअर एमएमची बारीक वायर असेल तर तिचा रोध जवळजवळ ०.७ ओहम, मघाशी २० डेसिबल देऊन कमावलेल्या आकड्याइतका. त्याच ठिकाणी घराच्या वायरिंगची अडीच स्क्वेअर एमएमची वायर टाकली तर ०.१४. माझ्या अँप्लिफायरपासून स्पीकरपर्यंत आता तीच आहे.